अकरा एकांच्या बाई

आमच्या बाई लग्नात पाचशे तीन रुपयांचा आहेर करायच्या. पाचशे एक नाही, पाचशे तीन. मांडवात आहेर लिहून घेणारा माणूस पाकीट उघडून थबकायचा आणि म्हणायचा, "बाई, दोन रुपये जास्तीचे आलेत."

बाई त्याला उभ्या उभ्या समजावून सांगायच्या, "पाचशे एकाला तिनानं भाग जातो. तीन गुणिले एकशे सदुसष्ट. नव्या संसाराला तुटणारा आकडा कशाला द्यायचा? पाचशे तीन कशानंच तुटत न्हाई. लिहा तुम्ही."

तो मुकाट्यानं लिहायचा. मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडं बघायच्या.

चाकूरकडच्या एका गावातल्या मुलींच्या शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागलो, तेव्हा बाईंच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. मी मूळचा नांदेडचा. लातूरला खोली घेऊन राहत होतो आणि रोज सकाळी एसटीनं शाळेला जात होतो. बाईही त्याच गाडीला असायच्या. पहिल्या दिवशी ओळख झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते वय.

"तेवीस," मी म्हणालो.

"झकास. मूळ संख्या हाय. एकानं आणि सोताच्या सोतानंच भाग जातो तिला. आता याच्यानंतरचा तुमचा वाढदिवस एकोणतिसाव्या वर्षी."

मला वाटलं, गंमत करत असतील. पण त्या स्वतः तसंच वागत. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी अख्ख्या शाळेला पेढे वाटले होते म्हणे. त्यानंतरची वर्षं कोरडी गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचं होतं आणि अठ्ठावन्नाला तर दोनानंच भाग जातो. "सरकारला निवृत्तीचं वयसुद्धा धड निवडता आलं न्हाई," असं त्या अगदी मनापासून म्हणायच्या.

दिसायला उंच, हडकुळ्या. कांजी केलेली सुती साडी, अंबाड्यात खोचलेला खडू. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाऊन यायच्या आणि मग शाळेत यायच्या, त्या दिवशी आवाज जरा मऊ असायचा. वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. कडब्याच्या पेंढ्या रचताना ते लेकीला विचारायचे, "एवढ्या पेंढ्या सारख्या ढिगांत किती तऱ्हेनं लागतील?" आणि एखाद्या दिवशी कशाच लागेनात, कायम एक-दोन उरायच्या, तेव्हा बापलेक दोघं खूश व्हायचे. बाईंच्या डोक्यात मूळ संख्या शिरल्या त्या अशा, शाळेत जायच्या आधी.

त्यांना कुणी सहज विचारलं, "मग बाई, बाकी काय?" तर त्या तितक्याच सहज म्हणायच्या, "बाकी शून्य." नवीन माणूस गोंधळायचा.

वर्गातले त्यांचे नियम फळ्याच्या वर लिहिलेले होते. चुकलं तर खोडू नका, रेघ मारा. चूक कुठं झाली ते दिसू द्या. दुसरा नियम होता : शून्य बाकी आली की आधी शंका घ्या, मग आनंद करा.

आता त्या संख्येचं सांगतो.

लहानपणी बाईंनी पाटीवर नुसते एक लिहायचा खेळ सुरू केला होता. दोन एक लिहिले की अकरा. अकरा तुटत नाही. तीन एक लिहिले की एकशे अकरा, ते तिनानं तुटतं. चार एक अकरानं तुटतात. पाच एकांनी त्यांना बरेच दिवस दमवलं, मग एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर हाताला लागले. सात एक फोडायला डी.एड.चं वर्ष उजाडलं. तेव्हा २३९ आणि ४६४९ सापडले. जोडीजोडीनं येणारे एक अकरानं तुटतात, तिनाच्या पटीतले एक तिनानं तुटतात, त्यामुळं सहा, आठ, नऊ, दहा यांचा प्रश्नच नव्हता. राहिले अकरा एक.

११११११११११.

मी आत्ता लिहिताना दहाच लिहिले बघा. बाईंनी लगेच पकडलं असतं. १११११११११११.

ही संख्या तुटते का नाही, हे बाईंना कळत नव्हतं. नोकरी, लग्न, दोन लेकरं, बदल्या, सगळं होत गेलं आणि अधूनमधून सवड मिळाली की त्या एखादा भाजक घेऊन बसायच्या. दोन हजारांच्या पुढं काही त्या सरकल्या नव्हत्या. पुढं एकदा नांदेडला प्रशिक्षण होतं. तिथं शिकवायला आलेल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना त्यांनी गाठलं. ते आधी हसले. मग चहाच्या वेळेत स्वतःहून बाईंना शोधत आले आणि कागदाच्या चिटोऱ्यावर एक ओळ लिहून दिली : अकरा एकांना भागणारी संख्या असलीच, तर तिला बावीसनं भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे.

"म्हणजे उत्तर न्हाई सांगितलं," बाई मला म्हणाल्या, "पर दार दाखवलं. माणूस सज्जन."

त्या ओळीनं काम एकदम आवाक्यात आलं. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद अशा बावीस-बावीसच्या उड्या मारत जायचं. पाच शेवटी असलेल्या सोडायच्या, तिनानं तुटणाऱ्या सोडायच्या. संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एक लाख पाच हजारांपर्यंत, एकही लागली नाही, तर अकरा एक तुटत नाहीत असं छातीठोक सांगता येणार होतं.

मी लागलो त्या वर्षी जूनमध्ये सातवीची चाचणी झाली. सत्तावीस पोरींपैकी निम्म्यांना दोन अंकी भाजकानं भागायला येत नव्हतं. बाईंनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. दर शनिवारी प्रार्थनेनंतर प्रत्येक पोरीला एक भाजक मिळणार. भाज्य एकच, अकरा एक. एकच भाजक दोघींना, पण वेगवेगळ्या बाकांवर. दोघींची बाकी जुळली तरच ती वहीत चढणार.

"दोघींना कशाला?" मी विचारलं.

"एकटीनं केलेल्या भागाकाराला साक्षीदार नसतो, सर. मी चाळीस वर्षं एकटी करून राहिले. कुठं चुकले असंन तर कोण सांगणार?"

पहिल्याच शनिवारी, परतीच्या गाडीत, मी खिशातून मोबाईल काढला आणि ती संख्या टाकली. उत्तर लगेच आलं. संख्या तुटत होती. लहान भाजक होता २१६४९.

बाई शेजारच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. चोरून दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं वाटलं मला. त्याच आठवड्यात त्यांनी पोरींना सांगितलं होतं, "मोबाईलवर बघायचं न्हाई. कुणी बघितलंच तर मला सांगायचं न्हाई. माझ्या जन्माचं काम हाय ते." पोरींनी शपथा घेतल्या. मी पोरगी नव्हतो, म्हणून शपथेतून सुटलो होतो, एवढंच.

ऑक्टोबरात तपासणीला साहेब आले. नेमका शनिवार. वर्गात चोवीस-पंचवीस डोकी वह्यांत खुपसलेली, आवाज फक्त पेन्सिलींचा. साहेबांनी एक वही उचलली.

"हे कुठल्या पाठात आहे?"

"भागाकाराच्या," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, एवढे मोठे भागाकार कुणी करतं का आता? उत्तर मोबाईलवर मिळतं."

"मिळतंय की साहेब. जेवणाचा फोटोबी मिळतो."

साहेबांच्या मागं उभे असलेले आमचे मुख्याध्यापक पांढरे पडले. बाईंनी मात्र नम्रपणे खडू पुढं केला. "एक तुम्ही करा साहेब. पोरींना बरं वाटंल." त्यांच्या वाट्याला आलेला भाजक होता ७०१९. साहेबांनीही हसत खडू घेतला. माणूस वाईट नव्हता. फळ्यावर चांगलं वळणदार अक्षर काढत ते खाली खाली उतरत गेले, घाम पुसला आणि शेवटी लिहिलं : बाकी १३०५४.

मग पहिल्या बाकावरून आम्रपाली उठली. वर्गातली सगळ्यांत नेटकी पोर. हात जोडूनच म्हणाली, "साहेब, त्यात अजून एक जायलाय."

भाजक सात हजारांचा आणि बाकी तेरा हजारांची. साहेबांनी फळ्याकडं बघितलं. पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. बाई मात्र गंभीर. "खोडू नका साहेब," त्या म्हणाल्या, "रेघ मारा."

जाताना साहेबांनी शेरा लिहिला : शनिवारचा भागाकाराचा उपक्रम अभ्यासक्रमाबाहेरचा असून तो बंद करण्यात यावा.

मुख्याध्यापकांनी तो शेरा बाईंना वाचून दाखवला. बाईंनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "शनिवारचा बंद. बराबर. शुक्रवारी मधल्या सुट्टीत ज्या पोरीला बसायचंय ती बसंल. सुट्टी कुणाच्या अभ्यासक्रमात न्हाई."

खिचडी खाऊन, हात धुऊन पोरी बसू लागल्या. पण सगळ्या येत नव्हत्या, वेळही अपुरा पडायचा. डिसेंबर संपताना वही दहा हजारांच्या थोडी पुढं होती. मी हिशेब मांडला. याच चालीनं गेलं तर एप्रिलअखेर शाळा सुटेल तेव्हा सोळा-सतरा हजारांपर्यंत मजल जाणार होती. मे महिन्यात बाई निवृत्त. २१६४९ चा दिवस उजाडणार होता तो बाई शाळेत नसताना, किंवा कधीच नाही. नवे बाई-सर येणार, ती वही कपाटात जाणार.

आणि मला ठाऊक होतं. रोज गाडीत त्या शेजारी बसायच्या आणि मला ठाऊक होतं. एकदा तर त्या म्हणाल्या, "सर, ही तुटतच नसंल तर? एक लाखापर्यंत जायला या पोरींची लेकरं येतील शाळेत." माझ्या जिभेवर आलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर हरभरा घाट्यांनी भरला होता.

जानेवारीत मी माझ्या आठवीच्या वर्गाला म्हणालो, "सातवीच्या पोरी भागाकारात तुमच्या पुढं गेल्यात म्हणे."

बास. पुढच्या शुक्रवारी आठवीच्या तीस पोरी पट्ट्या-पेन्सिली घेऊन सातवीच्या दारात. "आम्हाला द्या भाजक," त्यांची पुढारी म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. वही उघडली आणि भाजक वाटले.

त्यानंतर काम असं सुटलं म्हणता! दोन वर्गांत चुरस लागली. बुधवारपासूनच पोरी विचारायच्या, "बाई, आमचा आकडा कोणचा?" जूनमध्ये ज्यांना दोन अंकांनी भागता येत नव्हतं, त्या पाच अंकांनी भागत होत्या आणि तोंडानं बोरं खात होत्या. फेब्रुवारीत पंधरा हजार. मार्चमध्ये अठरा. एप्रिलमध्ये उन्हानं पत्रे तापले, तेव्हा बाईंनी वर्ग लिंबाखाली हलवला.

शेवटच्या शुक्रवारच्या आदल्या शुक्रवारी भाजक वाटताना बाई वाचत गेल्या आणि मला आकडा ऐकू आला. "२१६४९. आम्रपाली आणि कोमल."

आम्रपालीचं ठीक. पण कोमल! कोमल म्हणजे वर्गातली सगळ्यांत धांदरट पोर. हातचा विसरणं हा तिचा धर्म. तिच्या जोडीला असलेल्या पोरी रडकुंडीला यायच्या, कारण बाकी जुळायची नाही आणि पुन्हा करावं लागायचं. आज तिनं चुकवलं तर?

मी लिंबाच्या बुंध्याला टेकून उभा राहिलो. आम्रपाली एका टोकाला, कोमल दुसऱ्या. कोमल जीभ बाहेर काढून लिहीत होती. एकदा तिनं रेघ मारली आणि पुन्हा सुरू केलं. मग तिचा हात थांबला. तिनं वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. शेजारणीला काहीतरी विचारलं. शेजारीण म्हणाली, "गप बस, माझं चुकंल."

कोमल उठून बाईंकडं गेली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, माझं परत चुकलं बघा. बाकीच उरंना गेली."

बाईंनी वही घेतली. शेवटच्या पायरीला वर १९४८४१ होते आणि २१६४९ नव्वे, खाली १९४८४१. खाली शून्य. बाईंचा चेहरा हलला नाही. "जा, जागेवर बस," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलू नको."

तोवर दुसऱ्या टोकाला आम्रपाली उभी राहिली होती. वही छातीशी धरून बाईंकडं बघत होती.

बाईंनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. उत्तर दोन्हीकडं ५१३२३९. तरी त्यांनी आठवीच्या तीन पोरींना तोच भाजक दिला, काही न सांगता. पाच मिनिटांनी तिघी एकदमच वर बघायला लागल्या. तेव्हा बाई म्हणाल्या, "वर्गात चला. सगळ्या."

सत्तावन्न पोरी एका वर्गात मावल्या कशा, कोण जाणे. खिडक्यांत बसल्या, बाकांवर उभ्या राहिल्या. बाईंनी फळ्यावर ५१३२३९ लिहिले, खाली २१६४९ लिहिले आणि गुणायला सुरुवात केली. पाच ओळी झाल्या. मग त्यांनी खाली आडवी रेघ ओढली आणि खडू कोमलच्या हातात दिला. "बेरीज कर. हातचा इसरू नको."

कोमलनं उजवीकडून सुरुवात केली. "एक." एक लिहिला. "पाच आन् सहा अकरा. एक लिहिला, हातचा एक." पुढचं घर. "एक, पाच, चार दहा, हातचा एक अकरा. एक लिहिला, हातचा एक." आता पोरी तिच्याबरोबर बोलू लागल्या. "नऊ, नऊ, तीन, नऊ, तीस, हातचा एक, एकतीस! एक लिहिला, हातचे तीन!" पाचव्या घरात एकवीस आले. एक लिहिला. प्रत्येक घरात बेरीज वेगळी आणि खाली उतरायचा तो एकच. सातव्या-आठव्या एकाला आवाज इतका वाढला की मुख्याध्यापक धावत आले. दारातच थांबले. अकरावा एक लिहिला गेला आणि पुढं काही उरलं नाही.

मी शाळांमधून खूप आरडाओरडा ऐकलाय. कबड्डी जिंकल्यावरचा, सुट्टी जाहीर झाल्यावरचा. त्या दिवशीचा काही वेगळाच होता. पत्रे वाजत होते. आठवीच्या पोरींनी सातवीच्या पोरींना उचललं होतं. आम्रपाली रडत होती आणि हसत होती. मुख्याध्यापक मला विचारत होते, "काय झालं? सर, काय झालं?" आणि मी नुसतं फळ्याकडं बोट दाखवत होतो.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, साडीवर सगळा खडू. त्या फळ्याकडं अशा बघत होत्या, जसं गावाला गेलेलं माणूस दारात उभं दिसावं.

पोरी पांगल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक होतं."

मी मान खाली घातली. "कधी कळलं तुम्हाला?"

"आठवीच्या पोरी घेऊन आलात तेव्हा. न तुटणाऱ्या संख्येसाठी कुणी घाई करत न्हाई, सर." त्यांनी साडीवरचा खडू झटकला. "त्या दिवशी गाडीत मी घरी जाईपर्यंत डोळे मिटून बसले होते. म्हटलं, तुटते! पोरींच्या हातानं तुटणार. तुम्ही आकडा सांगितला न्हाई, लई उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपते न संपते तोच फाटकात कोमलचे वडील. शेतकरी माणूस, चपला बाहेर काढून आत आले, टोपी हातात.

"बाई, पोरीनं काय मोडलं म्हनं शाळंत? काल घरी आल्यापासून नाचूनच राहिली. म्या मोडली, म्या मोडली म्हनती. मोडून वर नाचायलीस का, म्हनून म्या वरडलो तिला. काय आसंल ते सांगा, भरून देतो."

बाई त्यांना सातवीच्या वर्गात घेऊन गेल्या. मी मागोमाग. फळा कालचा तसाच होता. झाडायला आलेल्या मावशींनासुद्धा हात लावू दिला नव्हता.

"हे मोडलं, दादा," बाई म्हणाल्या. "मला चाळीस वर्षांत मोडता आलं न्हाई. तुमच्या कोमलनं आणि आम्रपालीनं मोडलं. दोघींनी वेगवेगळं बसून."

ते फळ्याजवळ गेले. बोट न टेकवता, हवेतच, एकेक आकडा मोजत गेले. "अकरा," ते म्हणाले. "सगळे एकच की वं."

"सगळे एकच."

"आन् हे आमच्या कोमलीनं?"

"हाव."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, दोन्ही हातांनी नीट सरळ केली. "मग भरून काय द्यायचं न्हाई?"

"न्हाई."

"मग आजून एखादी आसंल तर द्या तिला," ते म्हणाले. "सुट्टीत घरी बसून तर राहती."

बाईंनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर तेरा एक लिहिले. कोमलच्या वडिलांनी कागद हातात घेतला आणि घडी करायच्या आधी सगळे मोजून घेतले.